टिटवाळ्याची वेलांटी

२००५ च्या आसपासची गोष्ट आहे. टिटवाळा स्टेशनाकडून महागणपतीच्या देवळाकडे जाताना एक छोटा सायबर कॅफे लागत असे. चार संगणक, एक प्रिंटर आणि निकालाच्या दिवसांत दारापर्यंत रांग. तिथे बसून मी एका परिचिताला मराठीतले एक पान दाखवत होतो. पानावर आमच्या गावाचे नाव होते. संगणकावरच्या एका ब्राउझरमध्ये ते ‘टिटवाळा’ असे स्वच्छ दिसत होते. त्याच संगणकावर दुसरा, त्या काळात नवाच आलेला ब्राउझर होता. त्यात तेच पान उघडले, तर गाव झाले ‘टटिवाळा’. वेलांटी एक घर पुढे सरकली होती. कॅफेचा मालक मागून म्हणाला, “अहो, याला मराठी येत नाही.” आणि त्याने तो ब्राउझर काढूनच टाकला.

दोष ब्राउझरचा नव्हता आणि पानाचाही नव्हता. त्या संगणकावर जोडाक्षरांच्या लिप्यांसाठीची सोय चालूच केलेली नव्हती. ती चालू करायला मूळ सीडी लागत असे आणि सीडी विक्रेत्याच्या कपाटात होती. एका ब्राउझरपाशी स्वतःची वेगळी तजवीज होती म्हणून तो तरला, दुसरा संगणकावर विसंबून राहिला म्हणून फसला. पण एवढे खोलात कोण जाणार? कॅफेमालकाने काढलेला निष्कर्ष त्याच्यापुरता व्यवहारी होता. अडचण अशी, की पुढे-मागे दहा वर्षे मराठी संकेतस्थळे बांधणाऱ्या बहुतेकांनी हाच निष्कर्ष काढला आणि त्यावर इमारती उभ्या केल्या. त्या निष्कर्षाची तपासणी हा या लेखाचा विषय आहे.

तळाची एक ओळ

त्या काळातल्या मराठी संकेतस्थळांच्या तळाशी एक ओळ ठरलेली असे. हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोररच्या अमुक आवृत्तीत आणि आठशे बाय सहाशेच्या पडद्यावर उत्तम दिसते, फाँट उतरवून घेण्यासाठी येथे टिचकी मारा. शब्द थोडेफार बदलत, आशय तोच. दैनिके, बँका, पतपेढ्या, देवस्थाने, सरकारी खाती, सगळीकडे ती सापडे. आपल्याकडे पुस्तकाच्या प्रस्तावनेचे आणि अर्पणपत्रिकेचेही समीक्षण होते, या ओळीचे मात्र कुणी केले नाही.

ही ओळ नम्र वाटते, पण ती वाचकावर काम ढकलते. ‘उत्तम दिसते’ याचा खरा अर्थ ‘इतरत्र आम्ही तपासलेले नाही’ असा असे. ‘फाँट उतरवून घ्या’ म्हणजे ‘आमचा मजकूर आमच्या फाँटवाचून मजकूरच नाही’ ही कबुली. छापखान्याच्या जगात असे कधी घडले नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागरात, त्यांच्याच सुबक टाइपात छापलेले पुस्तक वाचायला निर्णयसागरचा चष्मा लागत नसे. कागदावर अक्षर उमटले, की ते छापखान्यापासून मोकळे होई. पडद्यावरचे मराठी अक्षर मात्र फाँटच्या आणि ब्राउझरच्या कंपनीला बांधलेलेच राहिले.

वेबच्या मूळ कल्पनेत हे बसत नव्हते. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत वेबचा आराखडा मांडला, तो एकाच संस्थेतल्या वेगवेगळ्या जातींच्या संगणकांवरची माहिती सर्वांना वाचता यावी म्हणून. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी खुले केले आणि १९९४ मध्ये त्याचे नियम ठरवण्यासाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था स्थापन झाली. या नियमांना वेबची मानके म्हणतात. मानक म्हणजे पान लिहिणारा आणि पान दाखवणारा यांच्यातला लेखी करार. लिहिणाऱ्याने ‘हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी’ एवढे सांगायचे. दाखवणाऱ्याने ते आपल्या पडद्याला साजेल असे दाखवायचे. सगळीकडे हुबेहूब सारखे दिसणे हा या कराराचा हेतू नाही. सगळीकडे वाचता येणे हा आहे.

सात कळा, सात संकेत

मराठीच्या बाबतीत हा करार कुठे मोडला, ते पाहायला आमच्या गावाचे नाव पुरेसे आहे.

कृतिदेव हा टंकलेखकांमध्ये फार चाललेला फाँट उदाहरणादाखल घेऊ. त्यात ‘टिटवाळा’ लिहायला सात कळा दाबाव्या लागतात. आधी इंग्रजी एफ, ती वेलांटी. मग मोठी व्ही दोनदा, ते दोन ट. मग ओ म्हणजे व, के म्हणजे काना, मोठी जी म्हणजे ळ आणि पुन्हा के. संगणकाच्या दृष्टीने हा शब्द मराठी नाहीच. ती सात इंग्रजी अक्षरे आहेत आणि त्यांच्यावर देवनागरी मुखवटे चढवलेले आहेत. मुखवटा काढला, की उरते ‘एफव्हीव्हीओकेजीके’.

युनिकोडमध्येही या नावाला सातच संकेत लागतात, पण तिथे प्रत्येक संकेत खरोखरच देवनागरीचा आहे. ट, ऱ्हस्व इकार, ट, व, काना, ळ, काना. फरक पहिल्या दोहोंच्या क्रमात आहे. कृतिदेवमध्ये वेलांटी आधी, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ट आधी, कारण तो तोंडाने आधी उच्चारला जातो. पहिली पद्धत टंकलेखन यंत्राची, दुसरी भाषेची. उच्चाराच्या क्रमाने ठेवलेला मजकूर डोळ्यांच्या क्रमाने मांडून दाखवायचे काम संगणकाचे. ते काम झाले नाही, की ‘टटिवाळा’ होते. म्हणजे कॅफेत मजकूर बरोबर होता, मांडणी चुकली होती. मांडणी पुढे सुधारता येते. मजकूरच चुकीचा साठवला, तर आधी कुणीतरी तो परत घडवावा लागतो.

हा विचार परदेशातून आयता आलेला नव्हता. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली १९८० च्या दशकात इथेच तयार झाली. पुण्याच्या सी-डॅकने तिच्यावर चालणारी साधने बनवली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिला मानकाचा दर्जा दिला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतली देवनागरीची रचना इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली आहे. ‘मराठीसाठी मानकच नव्हते, म्हणून फाँटचा जुगाड करावा लागला’ हे आपल्याकडे वारंवार ऐकू येणारे विधान म्हणून अर्धेच खरे आहे. मानक होते. ते दाखवणारे ब्राउझर आणि संगणक अजून घरोघरी पोचले नव्हते.

दोन कंपन्या, दोन पेट्या

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. दोनच वर्षांत ब्राउझरांचे युद्ध ऐन भरात आले. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोन्ही कंपन्यांनी १९९७ मध्ये आपापल्या चौथ्या आवृत्तीत पानासोबत फाँटही पाठवण्याची सोय दिली. मराठी दैनिकांसाठी ही पर्वणीच होती, कारण वाचकाला फाँट उतरवून घ्यायला सांगण्याची गरज संपत होती. पण दोघांच्या पेट्या वेगळ्या. नेटस्केपची पेटी बिटस्ट्रीम या कंपनीच्या ट्रूडॉक तंत्राची, मायक्रोसॉफ्टची स्वतःच्या ईओटी नावाच्या बांधणीची. एकीची किल्ली दुसरीला लागत नसे.

नेटस्केपने २००० साली सहाव्या आवृत्तीसाठी ब्राउझर नव्याने लिहिला, तेव्हा त्यातून ट्रूडॉक गळाले. इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत जगातले नव्वद टक्क्यांहून अधिक वाचक त्या एका ब्राउझरवर गेले. संकेतस्थळ बांधणाऱ्यांनी एकच पेटी ठेवली. तळाची ती ओळ पक्की झाली ती इथे.

ईओटी पेटीची आणखी एक खुबी होती. ती विशिष्ट संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधून ठेवता येई, म्हणजे फाँटची चोरी होऊ नये. फाँट बनवणाऱ्याच्या बाजूने ते रास्तच होते. पण परिणाम असा झाला, की एखाद्या वाचकाने बातमीचे पान स्वतःच्या संगणकावर जपून ठेवले, तर पत्ता बदलल्यामुळे पेटी उघडत नसे आणि जपलेल्या पानावर इंग्रजी अक्षरांचा खच दिसे. कात्रण काढून ठेवणे ही मराठी वाचकाची जुनी सवय. तिच्यावरच हा घाला होता.

फाँट पानासोबत पाठवण्याची खुली तरतूद १९९८ च्या सीएसएस या मानकाच्या दुसऱ्या आवृत्तीतही होती. ब्राउझरांनी ती एकमताने राबवली नाही, म्हणून पुढच्या सुधारित आवृत्तीतून ती वगळली गेली. नंतर सफारीने २००८ मध्ये आणि फायरफॉक्सने २००९ मध्ये साधे फाँट स्वीकारायला सुरुवात केली आणि २०१२ च्या डिसेंबरात वॉफ ही सर्वमान्य बांधणी अधिकृत शिफारस झाली. पहिल्या दोन पेट्यांपासून सर्वांच्या एका पेटीपर्यंत पंधरा वर्षे गेली. मराठी दैनिकांच्या वेबवरच्या आयुष्यातली ही पहिलीच पंधरा वर्षे होती.

हरवले काय

२६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीच्या खोऱ्यातल्या गावांवर काय कोसळले, ते कल्याण तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको. आमची काळू नदी उल्हासलाच मिळते. समजा, आज एखाद्या विद्यार्थिनीला त्या आठवड्यातल्या टिटवाळ्याच्या मराठी बातम्या शोधायच्या आहेत. ती शोधयंत्रात ‘टिटवाळा’ लिहील. पण फाँटच्या संकेतात साठवलेल्या बातमीत ‘टिटवाळा’ हा शब्द नाहीच, तिथे आहे ‘एफव्हीव्हीओकेजीके’ किंवा दुसऱ्या फाँटमधली दुसरीच अक्षरमाला. इंटरनेट अर्काइव्हसारख्या संग्रहात एखादे पान जपलेले असले, तरी त्याची पेटी उघडणारा ब्राउझर आता नाही. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्सप्लोरर ११ ची सेवा विंडोज १० वर थांबवली. ‘उत्तम दिसते’ या ओळीतला कर्ताच निवर्तला.

दृष्टिहीन वाचकांच्या बाबतीत तर नंतर हरवण्याचाही प्रश्न नव्हता, त्यांना ते कधी मिळालेच नाही. पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला मुखवटा दिसत नाही, ती आतली अक्षरे वाचते. मराठी अग्रलेख तिच्या तोंडून इंग्रजी मुळाक्षरांची बडबड होऊन बाहेर पडे. डोळस वाचकाला ब्राउझर बदलायचा तरी उपाय होता, यांना तोही नव्हता.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. एका ब्राउझरसाठी बांधलेले पान इतरांना गैरसोयीचे होते, एवढ्यावर आपण थांबतो. खरा तोटा त्याहून मोठा आहे. ते पान त्या ब्राउझरबरोबर मरते. मानक पाळणे हे परक्या वाचकाविषयीचे सौजन्य आहेच, पण त्याआधी ती स्वतःच्या मजकुराच्या आयुष्याची काळजी आहे.

बचाव आणि त्याची मर्यादा

बांधणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. १९९९ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या सामान्य कार्यालयात विंडोज ९८ असे आणि त्यात देवनागरी फाँटच नसे. मंगल हा फाँट आणि जोडाक्षरे मांडणारी यंत्रणा विंडोज २००० पासून आली, तीही मुद्दाम चालू करावी लागे. त्या वर्षी युनिकोडमध्ये दैनिक काढले असते, तर वाचकाला चौकोनच चौकोन दिसले असते. शिवाय दैनिकांचा मजकूर छपाईसाठी आधीच फाँटच्या संकेतात जुळवलेला असे. तोच उचलून रात्रीतून वेबवर टाकणे एवढेच हाती होते. हा निर्णय मी चूक म्हणत नाही.

नव्या ब्राउझरांचेही दोष होते. फायरफॉक्सच्या २००८ मधल्या तिसऱ्या आवृत्तीपूर्वी विंडोजवर परिच्छेदाच्या दोन्ही कडा जुळवल्या, की देवनागरी जोडाक्षरे सुटत आणि वेलांट्या भलत्या जागी जात. यावर दोन उपाय होते. एक, उजवी कड जुळवण्याचा हट्ट सोडायचा. मांडणीच्या सूचनांतली एक ओळ बदलायची. दुसरा, तळाशी ‘इंटरनेट एक्सप्लोररच वापरा’ अशी पाटी लावायची. पहिल्या उपायाला पाच मिनिटे लागत. तरी पाटी लोकप्रिय झाली, कारण पाटी लावताना स्वतःचे काही सोडावे लागत नाही.

बचाव संपतो तो २००५ च्या पुढे. तोवर युनिकोड दाखवू शकणारे संगणक सर्रास आले होते. जुना मजकूर नव्या संकेतात उतरवणे शक्य होते, कारण फाँटचा मुखवटा कसा बसवला आहे याचा तक्ता करता येतो. फाँटच्या संकेतातली भारतीय भाषांची पाने जागच्या जागी युनिकोडमध्ये बदलून दाखवणारी ‘पद्म’ नावाची जोडणी फायरफॉक्ससाठी मोफत मिळत असे आणि ती स्वयंसेवी कष्टांतून उभी राहिली होती. स्वयंसेवकांना जमले, ते पगारी विभागांना का जमू नये? नवा अंक युनिकोडमध्ये आणि जुने अंक होते तिथेच, ही आपली सर्वसाधारण तडजोड ठरली. नव्या घरात जाताना आजोबांची ट्रंक जुन्या घरात ठेवावी आणि जुने घर पाडायला द्यावे, तसे झाले.

ज्यांनी दुसरी वाट धरली

दुसरी वाट होती आणि काहींनी ती धरली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला तो युनिकोडमध्येच. २००४ मध्ये सुरू झालेल्या मनोगत या संकेतस्थळाने युनिकोडमध्ये लिहायची सोय पानावरच दिली, शुद्धलेखन तपासणारी चिकित्सा जोडली आणि ब्राउझरला ‘न्याहाळक’ असा गोड शब्दही रूढ करायचा प्रयत्न केला. तिथे येणाऱ्यालाही सुरुवातीला चौकोन दिसत, वेलांट्या घसरत. पण त्यांनी आपला मजकूर वाकवला नाही. संगणक कसा दुरुस्त करून घ्यावा, हे वाचकाला समजावले आणि थांबले.

त्या थांबण्याचे फळ आज दिसते. २००४ मध्ये लिहिलेली युनिकोडमधली ओळ आजच्या फोनवर न घसरता दिसते, शोधयंत्राला सापडते, मोठ्याने वाचून दाखवता येते. त्या ओळीत कुणी काही बदलले नाही, तिच्याभोवतीचे जग बदलले आणि ती आपोआप सुधारली. मानकात लिहिलेल्या मजकुराला असे व्याज मिळते. एका ब्राउझरसाठी लिहिलेल्या मजकुराची किंमत दर आवृत्तीला घटत जाते.

मानकेही सोवळी नाहीत

इथवर वाचून कुणाला वाटेल, की मानक पाळले की सगळे सुटले. तसे नाही. मानके माणसांच्या बैठकांत ठरतात आणि त्या बैठकांना कोण हजर आहे याचा ठसा त्यांवर उमटतो.

अगदी जवळचे उदाहरण देतो. आमचा पिनकोड ४२१६०५. तो एका ऑनलाइन अर्जात मी मराठी कळफलकावरून देवनागरी अंकांत लिहिला, तर ‘योग्य क्रमांक लिहा’ असा लाल इशारा आला. मराठी अर्ज, मराठी सूचना आणि अंक मात्र मराठी नकोत. हा सर्वस्वी त्या कार्यालयाचा दोष नाही. आकडे भरण्यासाठी एचटीएमएलने जी चौकट नेमून दिली आहे, ती देवनागरी अंकांना अंक मानत नाही. जावास्क्रिप्टमध्ये ‘कोणताही अंक’ अशी जी खूण आहे, तिच्यातही फक्त रोमन कळफलकावरचे शून्य ते नऊ बसतात. चांगला बांधकाम करणारा मागच्या बाजूला ५ ला पाच समजून घेण्याची दोन ओळींची सोय करतो. वाईट बांधकाम करणारा वाचकाला चूक ठरवतो.

दुसरे उदाहरण फक्त मराठीचे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधल्या. हा फरक दाखवणारा आडवा र युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो. एकात नुक्त्याचा ऱ वापरतात, दुसऱ्यात साध्या र नंतर एक अदृश्य जोडखूण. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला, तर पानावरचा साधा अक्षरशः शोध तो एकच शब्द मानत नाही. ‘वाऱ्या’पासून ‘शेतकऱ्या’पर्यंत रोजचे कितीतरी शब्द या फटीत अडकतात. आपल्या संस्थांनी एक पद्धत निवडून तिचा आग्रह धरला, तर फट बुजेल.

तिसरे ल आणि श यांच्या रूपांचे. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श, हिंदीत त्यांची रूपे वेगळी. महाराष्ट्र शासनाने २०२२ च्या नोव्हेंबरातल्या वर्णमालेविषयीच्या निर्णयात मराठी रूपेच वापरण्यास सांगितले. आता गंमत पाहा. उत्तम फाँटमध्ये दोन्ही रूपे असतात आणि पान मराठीत आहे असे पानाच्या माथ्यावर दोन अक्षरांत जाहीर केले, की ब्राउझर मराठी रूप निवडतो. कुणी तिथे इंग्रजी किंवा हिंदी असे लिहून ठेवले, तर शासननिर्णयही हिंदी वळणात दिसू शकतो. वाचून दाखवणारी प्रणालीही याच खुणेवरून आवाज निवडते. तयार साचा विकत घेतला आणि त्यातली इंग्रजीची खूण तशीच राहिली, हे मराठी संकेतस्थळांवर नेहमी दिसते. दोन अक्षरांचा आळस आहे हा.

आणि चौथे. ‘स्त्री’ हे अक्षर एक की अनेक? आपण एक म्हणतो. युनिकोडच्या सर्वसाधारण नियमानुसार ते हलन्तापाशी तुटे, म्हणून कुठे मथळा अर्ध्या अक्षरावर कापला जाई, तर कुठे मोठे आद्याक्षर देताना नुसता ‘स्’ फुगे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरे अखंड मानण्याचा नियम आला. पहिल्या आवृत्तीनंतर ३२ वर्षांनी. उशीर झाला हे खरे, पण झाले कसे? कुणीतरी उदाहरणे गोळा केली, प्रस्ताव लिहिला, चर्चेत टिकवला. मानकांची दारे उघडी असतात, एका कंपनीच्या ब्राउझरची नसतात. मानकातला दोष दाखवता येतो, मक्तेदारीतला फक्त सोसता येतो.

आजची तळाची ओळ

ती जुनी ओळ आता दिसत नाही. तिची जागा एका न लिहिलेल्या ओळीने घेतली आहे. बांधणारा आपल्या संगणकावर क्रोममध्ये पान तपासतो, ठीक दिसते, काम संपले. ऑपेराने २०१३ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या एजने २०२० मध्ये क्रोमचेच इंजिन स्वीकारले. वेगवेगळ्या नावांचे ब्राउझर पुष्कळ, पण आतली मोठी इंजिने आता तीनच. क्रोमचे ब्लिंक, सफारीचे वेबकिट आणि फायरफॉक्सचे गेको. १९९९ मध्ये दोन पेट्या होत्या, तेव्हा निदान भांडण दिसत तरी होते.

एकाच ब्राउझरवर विसंबल्याची किंमत सरकारांनीही मोजली आहे. दक्षिण कोरियाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ऑनलाइन बँकिंगची सुरक्षा मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्हएक्स या तंत्राला बांधली. सारे जग पुढे गेले, तरी कोरियन नागरिकाला बँकेसाठी आणि सरकारी कामासाठी जुना ब्राउझर जवळ बाळगावा लागला. त्यामागच्या प्रमाणपत्रांचे खास स्थान अखेर डिसेंबर २०२० मध्ये संपले. आपल्याकडे निविदांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या जावाच्या जोडणीवर चालत. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये अशा जोडण्या बंद केल्या, तेव्हा ठेकेदारांना पुन्हा इंटरनेट एक्सप्लोरर शोधावा लागला.

नियमांची टंचाई नाही. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राने २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत वेगवेगळ्या ब्राउझरांवर पान चालले पाहिजे हे सांगितलेले आहे. २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम माहिती सर्वांना वापरता यावी असे बजावतो. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. जी सेवा हक्काची, तिचा अर्ज केवळ एका ब्राउझरमध्ये उघडत असेल, तर हक्काला एका कंपनीची अट जोडली गेली, असेच म्हणावे लागेल. टिटवाळा ज्या कल्याण-डोंबिवली महापालिकेत येते, ती नागरी सेवा संगणकावर आणण्यात राज्यात अग्रेसर होती. त्या पहिलेपणाचा वारसा सांगणाऱ्या या पट्ट्यात तरी हा प्रश्न परका वाटू नये.

या सगळ्यावर मोठा खर्च लागतो, असा एक समज आहे. उलट आहे. आधी साधे, सर्वत्र चालणारे पान करायचे. मजकूर वाचता येईल, अर्ज भरता येईल एवढे. मग ज्या ब्राउझरला जमेल त्यात सजावट वाढवायची. घाईत शेवटच्या लोकलमध्ये बसलेल्या माणसाच्या जुन्या फोनवर आणि तुटक जाळ्यावर हेच पान तरते. आंबिवली सोडल्यावर सिग्नल गेला, तरी निदान अक्षरे उरतात.

वाचकांनी स्वतः तपासून पाहावे. आपल्या बँकेचे, पालिकेचे, आवडत्या दैनिकाचे पान दोन वेगळ्या इंजिनांच्या ब्राउझरांत उघडा. त्यातला एक मराठी शब्द उचलून दुसरीकडे चिकटवा आणि तो मराठीच राहतो का पाहा. फोनला ते पान मोठ्याने वाचायला सांगा. अर्जात अंक देवनागरीत लिहा. कुठे अडले, तर त्या संस्थेला दोन ओळींचे पत्र लिहा. आणि आपल्या गावातल्या मंडळाच्या, वाचनालयाच्या, शाळेच्या जुन्या अंकांच्या फायली कुणाच्या संगणकात फाँटच्या संकेतात पडून असतील, तर त्या आजच युनिकोडमध्ये उतरवून घ्या. तो फाँट ओळखणारी माणसे आहेत तोवरच हे काम सोपे आहे.

त्या सायबर कॅफेच्या जागी आता मोबाइलचे दुकान आहे. परवा तिथे उभा राहून मी जुने ते पान फोनवर उघडले. पत्ता तोच, मजकूर तोच, कुणी हात लावलेला नाही. ‘टिटवाळा’ नीट दिसत होते. वेलांटी आपल्या जागी आली होती, कारण पान लिहिणाऱ्याने वीस वर्षांपूर्वी ती आपल्या जागीच लिहिली होती.